मिस्त्री-जोड

शर्यतीसाठी ड्रायव्हिंग स्कूलची जुनी गाडी घ्यायची, हे खूळ वहिनीचं. धाकट्या दिरानं ऐकलं तेव्हा तो आधी पोट धरून हसला. ती खरंच बोलतेय हे कळल्यावर मात्र दोन दिवस तोंड फुगवून बसला. त्याच्या मनात भरली होती दोन दारांची लाल गाडी. मोठं इंजिन, रुंद टायर, नुसती उभी असली तरी बघणाऱ्यानं दोन पावलं मागं सरावं अशी.

"वहिनी, अगं सगळं मैदान हसेल मला. त्या गाडीच्या टपावर अजून 'शिकाऊ'ची पाटी आहे!"

"पाटी काढता येते, भाऊजी. गंज काढता येत नाही." वहिनी हातात पेचकस आणि लोहचुंबक घेऊन लाल गाडीच्या खाली शिरून आली होती, केसात माती तशीच. "तुमच्या लाल राणीच्या तळाला पेचकस लावला तर मुठीपर्यंत आत गेला. दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं."

"आणि ही शाळेची म्हातारी?"

"हिला जन्मात कुणी चाळीसच्या वर पळवलेली नाही. वरचे दोन गिअर कोरे करकरीत आहेत. क्लच मेलाय, तो नवा घालू. चारी खांब सरळ, छप्पर सरळ. आणि सगळ्यात छोट्या इंजिनाच्या गटात हिच्याएवढी हलकी दुसरी गाडी दाखवा, मी आत्ता लाल राणीची ओटी भरते."

वहिनी गेटं, जिने, खिडक्यांच्या जाळ्या करणारी. वडिलांचं वर्कशॉप एकटी चालवायची आणि लोखंडाच्या बाबतीत तिच्याशी वाद घालून आजवर कुणी जिंकलेलं नव्हतं. आली गाडी घरी.

आता ह्या घरात शर्यतीचं नाव काढणं म्हणजे काय होतं, ते सांगायला हवं. नऊ वर्षांपूर्वी थोरला, म्हणजे वहिनीचा नवरा, ह्याच क्लबच्या शर्यतीत पळायचा. त्याच्या गाडीचा पिंजरा वहिनीच्या वडिलांनी केला होता. त्यांना सगळे नुसतं मिस्त्री म्हणत. पिंजरा म्हणजे गाडीच्या आत जोडलेला जाड पाइपांचा सांगाडा, गाडी उलटली तरी आतला माणूस शाबूत राहावा म्हणून. तर थोरल्याची गाडी एका वळणावर उलटली आणि पिंजऱ्याच्या मागच्या कमानीचा एक जोड उघडला. कमान खाली बसली, थोरल्याचं कंबरेचं हाड मोडलं. जीव वाचला, पाय कायमचा लंगडा झाला.

क्लबच्या माणसांनी विचारलं तेव्हा मिस्त्री एवढंच म्हणाले, "जोड माझा होता." दुसऱ्या दिवशी स्वतः टेम्पो आणून त्यांनी ती मोडकी गाडी उचलली आणि थेट भंगारात घातली. कुणाला बघूही दिली नाही. त्यानंतर मरेपर्यंत त्यांनी जिने केले, गेटं केली, पण पिंजऱ्याला हात लावला नाही. आणि लोकांच्या जिभेला काय हाड असतं? मैदानावर कुणाचा आरसा निखळला, कुणाच्या बुटाचा तळ सुटला, की "मिस्त्री-जोड!" असं ओरडून हसायची रीत पडली. नव्या पोरांना तर मिस्त्री नावाचा माणूस होता हेसुद्धा माहीत नव्हतं. त्यांच्या लेखी तो नुसता एक शब्द होता.

वहिनीला तो शब्द तिखटासारखा झोंबायचा. मिस्त्रींची एक सवय होती. जोड झाला की त्याच्या शेजारी पोलादी ठशानं नखाएवढा मासा उमटवायचे. तो ठसा आता तिच्या खणात होता. तिनं मनाशी पक्कं केलं होतं: पिंजरा माझ्या हातचा, मासा बाबांचा, गाडी शर्यत पुरी करून चाकांवर परत येईल, आणि मग सगळ्यांसमोर सांगायचं की हा मासा कोणाचा ते. तोवर अवाक्षर काढायचं नाही. धाकट्याला शर्यत हवी होती. हिला बापाचं नाव परत हवं होतं.

थोरल्यानं परवानगी दिली तीही तोंड वळवून. "पिंजरा तू करणार असशील तर करा. मी मैदानावर पाऊल ठेवणार नाही."

माणूस तसा देवमाणूस. ज्याच्या जोडामुळे आपला पाय गेला, त्याच सासऱ्याची त्यानं शेवटच्या दुखण्यात लेकासारखी सेवा केली. भरवलं, पुसलं, नखंसुद्धा कापली. लोक म्हणायचे, जावई असावा तर असा. वहिनीही मनात म्हणायची, कुठलं पुण्य फळाला आलं माझं. एकच गोष्ट विचित्र होती. वर्कशॉपमध्ये ग्राइंडर सुरू झाला की थोरला उठून बाहेर जायचा. कितीही महत्त्वाचं बोलणं चालू असो, काठी उचलायचा आणि चालू पडायचा. तो आवाज ऐकून अपघात आठवत असेल, असं तिनं आपलं समजून घेतलं होतं.

चार महिने काम चाललं. आतल्या गाद्या, पत्रे, गालिचा सगळं उपसून काढलं. तळाला आवाज दाबायचं डांबर असतं, ते धाकट्यानं गुडघ्यांवर बसून पटाशीनं खरवडलं. मास्तरांच्या बाजूचे जादा पेडल काढले ते वहिनीनं भिंतीला टांगले. "भाऊजी फार माजले की ब्रेक मारायला," म्हणाली.

धाकट्याचा सगळा जीव वजनात अडकला होता. त्यांच्या गटाचा नियम असा, की गाडी आणि चालवणारा मिळून आठशे किलोंच्या खाली भरता कामा नयेत. म्हणजे जिंकायचं असेल तर बरोबर आठशेच भरायला हवेत. वरचा प्रत्येक किलो म्हणजे फुकटची हमाली. त्यानं भिंतीवर कागद चिकटवला आणि नटबोल्टसुद्धा तोलून लिहिले. स्वतः भात सोडला, केस बारीक कापले. वहिनी म्हणायची, "आता दात पाडून घ्या दोन-चार." पण कागदावरची बेरीज काही केल्या आठशे दोनच्या खाली येईना.

पिंजऱ्याच्या कामाची रीत ठरलेली होती. पाइप आणायचे, मापानं कापायचे आणि दोन-दोन टाके मारून जागेवर धरायचे, हे धाकट्याचं काम. मग पुरा जोड वहिनी भरायची. आणि तिची बापासारखीच एक सवय होती. जोड कुठला आणि वेल्डिंगचं मशीन किती करंटवर लावलं, ते ती मशीनच्या झाकणाच्या आतल्या बाजूला खडूनं लिहायची. झाकण भरलं की ओल्या फडक्यानं पुसायची.

शेवटचे राहिले चालवणाऱ्याच्या दाराचे दोन आडवे दांडे. त्या दिवशी वहिनी सकाळभर एका शाळेचं गेट बसवून दमून आली होती. दांडे टाके मारून तयार होते, वर तांबडा रंगही मारलेला. तिनं वेल्डिंगची काळी काच तोंडावर ओढली, जोड भरले, शेजारी मासा उमटवला आणि भाकरतुकडा खायला घरी गेली. दुसऱ्या दिवशी काट्यावर गाडी धाकट्यासकट बरोब्बर आठशे भरली. धाकटा नाचला. "डांबर, वहिनी! शेवटचं दोन किलो डांबर कोपऱ्यात राहिलं होतं." तिनं ते खरं मानलं.

शर्यतीच्या सकाळी आठ वाजता तपासनीस आला. हा क्लबात तीन-चार वर्षांपूर्वीच आलेला, सडपातळ, कमी बोलणारा माणूस. नियमाप्रमाणे मागच्या कमानीला एक बारीक भोक पाडून ठेवलेलं असतं. त्यात त्यानं मापाचं यंत्र घातलं. "अडीच मिलिमीटर. ठीक." मग त्याचं बोट जोडाशेजारच्या माशावर थांबलं. "हा कोणाचा शिक्का?"

वहिनीच्या तोंडाशी नाव आलं होतं. तिनं ते गिळलं. "असाच आहे," म्हणाली. तपासनीसानं काचेवर हिरवा स्टिकर चिकटवला आणि तो पुढच्या गाडीकडे वळला.

सरावाच्या फेरीत म्हातारी झकास पळाली. सोळा गाड्यांत वेळेत पाचवी! हसणाऱ्यांची तोंडं एवढीशी झाली. फक्त धुराच्या नळीची पट्टी तुटून लोंबत आली, तेवढा एक टाका मारायला हवा होता. पहिली शर्यत दहाला. घड्याळात साडेनऊ. धाकटा पट्टे आवळून आत बसूनच राहिला. वहिनी टेम्पोकडे पळाली, मशीन ओढलं, झाकण उघडलं.

खडूचे आकडे आतमध्ये तसेच होते. पुसायचे राहून गेले होते.

मागची कमान, एकशे दहा. छपराचा दांडा, एकशे दहा. डावं दार, एकशे दहा. एकाखाली एक, सगळे एकशे दहा. आणि तळाशी, तिच्याच अक्षरात: उजवं दार, पंचाहत्तर.

वहिनी आकड्याकडे बघत राहिली. पंचाहत्तर का? मग त्या दुपारचं सगळं हातांना आठवलं. पहिल्याच ठिणगीला पाइप वितळून ओघळायला लागला होता आणि तिच्या डाव्या हातानं आपणहून करंटची चाकी खाली फिरवली होती. डोकं दमलेलं होतं, शाळेच्या गेटात अडकलेलं होतं. हाताला कळलं ते डोक्यापर्यंत पोचलंच नाही. जाड पाइप पंचाहत्तरला जोडताच येत नाही. पंचाहत्तरला जोडला जातो तो बारीक पाइप, खिडकीच्या जाळीचा.

ती मशीन तिथंच टाकून गाडीपाशी आली आणि खिडकीतून आत वाकली.

"भाऊजी, उजव्या दाराचा पाइप कुठून आणलात?"

"कुठून म्हणजे? नेहमीच्याच—"

"माझ्याकडे बघा आणि सांगा."

धाकट्यानं बघितलं नाही. हेल्मेटच्या आत त्याचे गाल लाल झालेले तिला दिसले. "वहिनी, दोनच किलोंचा प्रश्न होता. डावी बाजू आधीच जोडून झाली होती, नाहीतर तिकडेच..." तो हळू आवाजात भराभरा बोलायला लागला. "तपासून झालंय. स्टिकर लागलाय. दारावर कोण आपटतंय? पंधरा फेऱ्या, वीस मिनिटं. मग उद्या आपण बदलून टाकू. शप्पथ!"

"दोन किलोंसाठी?" ती म्हणाली. "बाजारातून बटाटे आणते मी दोन किलो. तुमच्या बरगड्यांच्या आणि दुसऱ्या गाडीच्या मध्ये तेवढे दोनच दांडे आहेत, कळतंय का?"

"कळतंय. माझा जीव आहे, माझा मी बघीन." आणि मग त्यानं हुकमाचं पान टाकलं. "तू आत्ता बोललीस तर काय होईल ते बघ. लोक म्हणतील, बापाचा जोड सुटला, लेकीचा पाइप बारीक. त्यांचा मासा उमटवतेस, म्हणजे मिस्त्रींचं नाव परत काढायला आलीस ना तू? मग?"

वहिनीनं मान वर केली. कुंपणापाशी बघे जमले होते. त्यांच्यात काठीवर भार देऊन थोरला उभा होता. पाऊल ठेवणार नाही म्हणणारा माणूस आला होता, नेहमीचा शर्ट घालून, तिच्याकडेच बघत. गप्प बसलं तर वीस मिनिटांत सगळं मिळणार होतं. चाकांवर परत आलेली गाडी, बाबांचं नाव, नवऱ्यासमोर ताठ मान. शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा दारावर कुणी आपटत नाही, हेही खरंच होतं. आणि शंभरावी वेळ काय असते, ते समोर काठी घेऊन उभं होतं.

तिनं टेम्पोतून ड्रिल आणलं. तपासनीस चार गाड्या पलीकडे होता. त्याला हाताला धरूनच घेऊन आली म्हणा ना.

"मला उजव्या दाराच्या दांड्याला भोक पाडायचंय. तुमच्यासमोर."

"नियमात एकच भोक आहे, बाई. ते मी बघितलंय."

"तुम्ही बघितलंय. मी बघितलेलं नाही."

तिनं दार उघडलं, गुडघा टेकला आणि ड्रिल लावलं. अडीच मिलिमीटरला किती वेळ लागतो ते तिच्या मनगटाला पाठ होतं. दाबलं, आणि ड्रिल एकदम आत गेलं. तपासनीसानं मापाचं यंत्र घातलं, दोनदा घातलं. "दीड," तो म्हणाला. मग नखानं हिरवा स्टिकर खरवडून काढला.

धाकट्यानं हेल्मेट काढलं. त्याचे ओठ हलले, पण वहिनी आधी बोलली, चांगली मोठ्यानं. "पाइप मी निवडला. चूक माझी आहे. ह्यांना काही माहीत नव्हतं." आणि दिराकडे असं बघितलं की त्याचं तोंड मिटलं. त्याला पुढं अजून पंधरा वर्षं गाडी चालवायची होती. लबाड म्हणून एकदा शिक्का बसला की क्लबातला कुणी त्याला शेजारी उभं करणार नव्हता. तिचं काय, तिला गेटं करायची होती.

गर्दी झालीच. त्यात क्लबातला जुना गॅरेजवाला होता, सगळे त्याला शेठ म्हणत. तो वाकला, मासा बघितला आणि त्यानं ओळखला. "अरे! ही मिस्त्रीची लेक की! तरीच म्हटलं." आणि मागं वळून, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "खाण तशी माती! मिस्त्री-जोड!"

हशा पिकला. वहिनी ड्रिल हातात धरून तशीच गुडघ्यावर होती. उठावंसं वाटेना. डोळे भरून आले ते तिनं खांद्याला पुसले.

"खाण तशी माती, अगदी बरोबर बोललात, शेठ." थोरल्याचा आवाज. तो कुंपणाच्या आत कधी आला ते कुणाला कळलं नव्हतं. "पण ही माती आमच्या घरची. पाइप हिनं निवडलेला नाही. ह्या धाकट्याचं तोंड बघा. नऊ वर्षांपूर्वी माझं असंच होतं."

"अहो, तुम्ही मध्ये पडू नका," वहिनी म्हणाली.

"नऊ वर्षं नाहीच पडलो." त्यानं काठी पुढं टेकवली. "मिस्त्रींचा जोड सुटला नव्हता. मला गुडघे मोकळे हवे होते. सीट इंचभर मागं जात नव्हती, कमानीच्या पायाचा जोड आडवा येत होता. शर्यतीच्या आदल्या दिवशी मी ग्राइंडर घेतला आणि तो जोड घासून सपाट केला. वरून रंग मारला. जोडातलं निम्मं लोखंड मी काढलं होतं. तो उघडणारच होता."

शेठ आपल्याच बुटांकडे बघायला लागला. वहिनीच्या कानात मात्र एकच शब्द घुमत होता, ग्राइंडर. नऊ वर्षं तो आवाज झाला की उठून जाणारा माणूस. मग दुसरी गोष्ट लक्षात आली आणि ती ताडकन उभी राहिली.

"बाबांनी तो जोड बघितला होता," ती म्हणाली. "स्वतः टेम्पोत घातली होती गाडी. घासलेला जोड त्यांना कळणार नाही होय? बघताक्षणी कळला असणार."

थोरल्यानं मान हलवली. "दवाखान्यात माझ्या खाटेशी येऊन बसले. एवढंच विचारलं, 'सीट मागं घ्यायची होती का?' मी हो म्हटलं. मग म्हणाले, 'पोरीला सांगू नका. तिला तुमच्याबरोबर जन्म काढायचाय.'"

अकरा वर्षांच्या संसारात वहिनी नवऱ्याला कधी अरेतुरे बोलली नव्हती. "आणि तू ऐकलंस?" ती ओरडली. "त्यांनी म्हटलं आणि तू गप्प बसलास? त्यांना भरवत होतास, त्यांची नखं कापत होतास, आणि बाहेर लोक हसत होते ते ऐकून घेत होतास? माझा बाप मान खाली घालून मेला रे!"

तो रडत होता, पुसतही नव्हता.

"पाइप मी आणला," धाकटा मधेच म्हणाला. गाडीतून उतरून उभा होता, पट्टे लोंबत होते. "वहिनीला माहीत नव्हतं. मी फसवलं तिला. माझं नाव लिहा, साहेब."

तपासनीसानं वहीत खरंच लिहिलं. मग घड्याळ बघितलं. "पहिल्या शर्यतीतून बाद. पुढच्या वेळेपासून वर्षभर ह्यांची गाडी मी कुठंही भोक पाडून तपासणार." वही मिटून म्हणाला, "दुसरी शर्यत तीन वाजता आहे. अडीचपर्यंत योग्य पाइप लागला तर परत माप घेईन. नियम नियम आहे, तो दोन्ही बाजूंनी."

जाड पाइपाचा एक लांब तुकडा टेम्पोत कायम असायचा. वहिनीनं डोळे कोरडे केले आणि धाकट्याला म्हणाली, "दांडे कापा." थोरला पुढं झाला, काठी बाजूला ठेवून पाइप धरायला वाकला. तिनं त्याचा हात बाजूला केला.

"इथं नको. मला सांगून काय उपयोग, मला तर आता कळलं." तिनं मैदानाच्या टोकाला बोट केलं. तिथं मचाणावर निवेदक बसायचा, त्याच्यापुढं माईक, आणि खांबाखांबावर भोंगे. "तिकडं जा. हा शब्द सगळ्या मैदानावर फिरलाय, तर खरं पण सगळ्या मैदानावर फिरू दे. मगाशी जेवढं सांगितलंस तेवढं सगळं. ग्राइंडरसकट."

तो गेला. लंगडत, गाड्यांच्या रांगेमधून. मचाणाच्या पायऱ्या त्याला जड गेल्या, मध्ये दोनदा थांबला. ती बघत होती आणि मदतीला गेली नाही.

वहिनीनं चाकी एकशे दहावर लावली, झाकणावर खडूनं लिहिलं आणि काच तोंडावर ओढली. पहिला जोड अर्धा झाला तेव्हा भोंगे खरखरले. "मी बोलतोय तो..." नवऱ्याचा आवाज. ठिणगीच्या आवाजात पुढचं बुडालं. जोड मध्येच सोडू नये, हे बाबांनी शिकवलेलं. आयुष्यात पहिल्यांदा तिनं तो मध्येच सोडला आणि तशीच, काच तोंडावर ठेवून, ऐकत राहिली. तो काहीही लपवत नव्हता. सीट, इंचभर, ग्राइंडर, रंग. दवाखान्यातलं 'पोरीला सांगू नका' आलं तेव्हा आवाज फाटला, पण त्यानं ते पुरं केलं. पलीकडे कुणीतरी इंजिन चालू केलं होतं ते बंद केलं.

काचेच्या आत ती हमसून रडली. धाकटा पाइप दोन्ही हातांनी घट्ट धरून बसला होता, तो म्हणाला, "वहिनी, सावकाश. वेळ आहे."

"वेळ कुठाय," ती म्हणाली आणि अर्धा राहिलेला जोड परत सुरू केला.

शर्यतीचं काय झालं म्हणाल, तर काही विशेष नाही. आठशे दोन किलोंची म्हातारी सोळाव्या जागेवरून सुटली आणि अकरावी आली. चाकांवर आली, दारावर एक ओरखडासुद्धा नाही. नवऱ्याशी ती त्या दिवशी आणि पुढं बरेच दिवस बोलली नाही. ते कसं मिटलं की मिटलंच नाही, ती ह्या दिवसातली गोष्ट नव्हे. येताना तो टेम्पोत मागं, मशीनच्या शेजारी बसून आला, एवढं खरं.

पण त्याआधी, अडीचला पाच मिनिटं कमी असताना, तपासनीस आला होता. वहिनीनं स्वतःहून पाडलेल्या नव्या भोकात त्यानं माप घातलं. अडीच. जोड अजून गरम होता, शेजारी ताजा मासा चमकत होता. त्यानं सकाळसारखंच त्याच्यावर बोट ठेवलं. शेठ आणि आणखी आठ-दहा जण मागं उभे होते, कुणी हसत नव्हतं.

"हा कोणाचा शिक्का, ते राहिलंच," तो म्हणाला. "वहीत लिहायचंय."

वहिनीनं काच डोक्यावर सारली. "माझ्या बाबांचा," ती म्हणाली. "मिस्त्री म्हणायचे त्यांना. लिहा."